डुकराच्या नाकाच्या उंचीवर

कुंपण करून घ्यायला आलेला शेतकरी पहिला प्रश्न उंचीचा काढतो. पाच फूट पुरेल का दादा, की सहाच करूया? मी त्याला बांधावर नेतो आणि खाली बसायला सांगतो. भातखाचरात रात्री जे जनावर शिरतं त्याचं सगळं जग जमिनीपासून हातभर उंचीत असतं. रानडुकराची नजर मंद, पण नाक तिखट आणि मानेत विलक्षण ताकद. ते कुंपणावरून उडी मारू शकतं, पण बहुतेकदा त्या भानगडीत पडत नाही. खालून मुसकट घालतं, मान वर झटकतं आणि पिल्लांसकट आत येतं. म्हणून कुंपणाची निवड तळापासून करायची.

मावळातल्या आंबी गावाच्या एका अंगाला इंद्रायणी नदी, दुसरीकडं नवलाख उंबऱ्याच्या दिशेला एमआयडीसी. मोकळ्या प्लॉटवर घाणेरी माजते आणि डुकरं दिवसभर तिच्यात पडून राहतात. त्यांना डोंगर सोडून लांब यावं लागत नाही, भात त्यांच्या दारातच आहे. तोही इंद्रायणी, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली दिलेला सुवासिक वाण. लोंबी दुधात आली की कळप खाचरात उतरतो. खातो थोडं, तुडवतो फार, आणि चिखलात लोळून अख्खा वाफा सपाट करतो. आवणीपासून राबलेल्या बाईला सकाळी ते पाहावं लागतं, तेव्हा तिच्याशी काय बोलावं कळत नाही.

जुन्या लोकांची वई मला अजूनही आवडते. शेर, निवडुंग, मधे करवंदीचे फांदे. गुरं अडतात, वाटसरू अडतो. डुक्कर मात्र बुंध्याजवळची फट शोधतं, आणि निवडुंग खालून उघडा पडला की वईचा उपयोग संपतो. काटेरी तारेचंही तसंच. सर्वांत खालच्या पदराला राठ काळे केस अडकलेले आणि खांबाला कमरेखाली चिखल घासलेला दिसला, की वाट तिथूनच पडली आहे हे समजावं. रंगीत साड्या बांधल्या तर काही रात्री बऱ्या जातात, मग जनावर सरावतं. जाळी उत्तम, पण तळ हातभर गाडला तरच, नाहीतर डुक्कर तिला पडद्यासारखी उचलतं. शिवाय खाचराच्या अरुंद बांधावर चर खणला की बांधच ढासळतो. जाळी मी सपाट, माळाच्या जमिनीला सुचवतो.

उतारावरच्या भाताला माझी पसंती सौर झटका मशीनला. पहिली तार जमिनीपासून एक वीत, दुसरी एक हात, गुरांसाठी हवी तर तिसरी त्याच्या वर. डुकराच्या अंगावरचे केस आणि जाड कातडी झटका अडवतात, ओलं नाक अडवत नाही. परदेशात झाडीमध्ये डुकरं पाळणारे लोकही हेच सांगतात. त्यांना डुकरं आत ठेवायची असतात, आपल्याला बाहेर, पण तार दोघांचीही नाकाच्याच उंचीवर. ते पिल्लांना आधी भक्कम गोठ्यात ठेवून आतल्या बाजूनं तार लावतात. झटका बसलेलं पिल्लू पुढं पळायला गेलं तर भिंत आडवी येते, म्हणून ते मागं फिरायला शिकतं. रानातल्या डुकराला असं शिकवता येत नाही. मी तारेला पत्र्याच्या पट्ट्या अडकवतो आणि त्यांना गूळ-शेंगदाण्याचा लगदा लावतो. पहिला स्पर्श नाकानं झाला पाहिजे. खांद्यानं झाला तर जनावर तार तोडून पुढं जातं.

या कामात सर्वांत जास्त वेळ ओढ्याला जातो. कुंपण ओढा ओलांडतं तिथं तार ताणली तर पुराचा गाळ-पालापाचोळा तिला घेऊन जातो, नाही ताणली तर खाली बोगदा राहतो, आणि कळपाला त्याच घळीतून यायची सवय असते. मी मुख्य तार वरून नेतो. खाली बांबूचे सुटे दांडे ओळीनं लोंबते बांधतो. पाणी आलं की ते उचलले जातात, ओसरलं की पुन्हा उभे राहतात. घळीच्या दोन्ही काठांना खांब दाट लावायचे. हे काम मी कोणावर सोडत नाही, स्वतः उतरून करतो.

झटका मशीनच्या अर्थिंगचे गज ओलाव्यात, एकमेकांपासून अंतर ठेवून ठोकावेत. मावळच्या पावसात ओलाव्याची चिंता नसते, चिंता गवताची असते. आठवड्यात ते तारेला टेकतं आणि झटका गवतातून जमिनीत जातो. शांतपणे चालत गेलात तर टेकलेल्या पात्यापाशी टिकटिक ऐकू येते. तिथं विळा चालवायचा.

एक काम मात्र मी करत नाही, कितीही ओळखीचा माणूस आला तरी. घरातल्या लाईनची तार थेट कुंपणाला जोडून मागणारे दर हंगामात भेटतात. मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असतो, पण सेकंदाच्या अगदी बारीक अंशात येऊन जातो, आणि पुढचा येईपर्यंत सुटायला वेळ मिळतो. घरातला प्रवाह अखंड असतो. स्नायू आवळतात, हात सुटत नाही. पहाटे पाणी पाहायला गेलेला भाऊ, शेजारची गाय, कोणाचं तरी पोर, तारेला कोण आहे ते कळत नाही. असा माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि रानडुक्कर मेलं तरी तो वन्यजीव कायद्याचा भंग आहे. १९७२ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि हे जनावर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. सौर कुंपणाला सरकारची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. वनखात्याकडं अर्ज करायला लाजायचं कारण नाही. नुकसान झालं असेल तर पंचनामा करून भरपाईचाही अर्ज करावा, आणि पंचनामा होईपर्यंत खाचरातल्या खुणा पुसून टाकू नयेत.

एकट्यानं केलेलं कुंपण मला पटत नाही. एकाचं शेत बंद झालं की कळप शेजारच्या खाचरात जातो, मग शेजाऱ्यानं करायचं, मग त्याच्या पलीकडच्यानं. म्हणून मी वस्तीला सांगतो, डोंगराच्या बाजूनं एकच सलग तार न्या आणि पाण्याला जायची डुकरांची जुनी वाट एका बाजूनं मोकळी सोडा. तिथं अडवलं तर ती धडपडत दुसरीकडं कुंपण फोडतात. वाद होतो तो खर्चावर. जंगलालगतच्या शेतकऱ्याकडं तारेची लांबी जास्त येते, त्याला वाटतं आपण सगळ्यांसाठी पैसे भरतोय, आणि ते खरंच आहे. माझ्या मते वाटणी तारेच्या लांबीवर करू नये, आत राखल्या जाणाऱ्या भाताच्या क्षेत्रावर करावी, आणि गवत कापायच्या पाळ्याही त्याच हिशेबानं लावाव्यात. खाली नदीकाठी ज्याचं मोठं शिवार आहे त्यानं जास्त पाळ्या घ्याव्यात, कारण वरच्याची तार त्याचंही भात राखते.