धारावी बेटावरचा डाव

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीकडे निघते, तेव्हा खाडी आणि मिठागरांमुळे लक्षात येतं की आपण एका बेटावर चाललो आहोत. जुन्या कागदपत्रांतलं हे धारावी बेट. झोपडपट्टीमुळे जगाला ठाऊक असलेली धारावी वेगळी. चौकला उतरून टेकाड चढलं की धारावी किल्ल्याचे अवशेष लागतात. खाली वसईची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे वसईचा किल्ला. ज्याच्या तोफा या टेकाडावर, त्याच्या हाती वसईत शिरणाऱ्या गलबतांची वाट.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी हे बेट घेतलं, पोर्तुगीजांनी ते परत जिंकलं, आणि मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी पुन्हा घेतलं. मग मे महिन्यात वसईच चिमाजी अप्पांपुढे शरण आली. दोन वर्षांतली ही उलथापालथ वाचताना मला सारीपाट आठवतो. बुद्धिबळात मेलेलं प्यादं डावातून जातं. सारीपाटात मारलेली सोंगटी पटावरून उठते, पण डावातून बाद होत नाही; नव्या दानाने पुन्हा पहिल्या घरापासून चालू लागते.

चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरं, चौघांच्या सोळा सोंगट्या. फासे टाकायचे नाहीतर कवड्या. धारावीला लागूनच असलेल्या साष्टी बेटावर, जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातल्या लेण्यात, शिव-पार्वती फासे खेळताना कोरले आहेत. शिल्प झिजलं आहे. तोच प्रसंग नीट पाहायचा तर वेरूळचं एकविसावं लेणं गाठावं. तिथे देवही दानाची वाट पाहतात.

समुद्रापार कोरियात या खेळाचा भाऊबंद आहे, युन्नोरी. चांद्र नववर्षाला, सोल्लालला, घरोघरी त्याचा पट मांडतात. फाशांऐवजी चार काठ्या, प्रत्येकीची एक बाजू सपाट आणि दुसरी गोलसर. सपाट बाजू किती पडल्या त्यावर दान ठरतं: दो, गे, गल, युत, आणि एकही न पडल्यास मो. म्हणजे अनुक्रमे डुक्कर, कुत्रा, मेंढी, बैल, घोडा. शेतकऱ्याच्या दारातलीच ही जनावरं. पटावर एकोणतीस ठिकाणं, प्रत्येक बाजूच्या चार सोंगट्या. आपल्याकडे जोडीने चालणाऱ्या सोंगट्यांचं जुग होतं, तशा तिथेही सोंगट्या एकमेकींवर बसून पुढे जातात. मारलेली सोंगटी तिथेही पुन्हा आरंभाला, आणि मारणाऱ्याला वर एक दान. काठ्या टाकून वर्षाचं भविष्यही पाहतात. अमेरिकी अभ्यासक स्टुअर्ट क्युलिन याने १८९५ मध्ये कोरियन खेळांवर पुस्तक लिहिलं आणि या खेळाची सांगड सारीपाटाच्याच घराण्यातल्या पच्चीसीशी घातली. कोरिया सरकारने २०२२ मध्ये युन्नोरीला राष्ट्रीय अमूर्त वारशात स्थान दिलं.

आपल्या सारीपाटाला असं वर्षाचं मानाचं स्थान उरलं नाही. एक कारण बहुधा महाभारतात आहे. एका द्यूतसभेने फासे असे बदनाम केले की घरातल्या पटालाही त्याचा डाग लागला. कोरियन माणसाला मात्र पटावर आजी, नातू आणि नवं वर्ष दिसतं. दान दैवाचं, पण कोणती सोंगटी हलवायची हे आपल्या हाती, ही दोन्ही खेळांची शिकवण मात्र एकच.

टेकाड उतरून उत्तनच्या किनाऱ्याला यावं. बोंबील वाळत घातलेले बांबूचे मांडव, नांगरलेल्या होड्या, भाटेबंदरची वेलंकनी माता. मराठ्यांनी बेट जिंकलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, तरी इथला कोळी आपल्या चर्चमध्ये जात राहिला आणि घरात मराठी बोलत राहिला. डाव लिस्बनने, पुण्याने आणि मुंबईने मांडले. ज्यांच्या अंगणात ते मांडले गेले, त्यांनी कोणाच्याही दानावर आपली होडी सोडली नाही, आणि दर डावानंतर शिल्लक राहिले ते तेच.