नजर कुठे जाते?

रशियात आल्फ्रेड यार्बुस नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. बघताना माणसाचे डोळे नेमके कुठे कुठे जातात, हे ते टिपून ठेवत. त्यासाठी त्यांनी इल्या रेपिनचं एक चित्र घेतलं होतं. हद्दपारीतून सुटलेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो. आई खुर्चीतून उठलेली, बायको पियानोपाशी, मुलं टेबलाशी. चित्र एकच, पण प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलायची! "घरची सांपत्तिक स्थिती कशी असेल?" विचारलं की डोळे कपड्यांवर, सामानावर. "हा किती काळाने परतला असेल?" विचारलं की या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर नुसत्या येरझारा.

हे वाचलं आणि २०१९ मधले ते तेरा दिवस आठवले. ही गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. बहुतेकांची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर, मग हिच्या फोटोवर, मग जमिनीवर. त्यांना मी नावं ठेवत नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला तर शेवटपर्यंत मान वर करवली नाही, आणि त्याचं येणं मला सगळ्यांत जवळचं वाटलं. उलट एक गृहस्थ माझ्या डोळ्यांत सारखे बघत होते, हा रडतो कधी याची वाट पाहत असल्यासारखे. (नातेवाइकांनी उगाच अंदाज बांधू नयेत!)

म्हणजे डोळ्यांत बघितलं की समोरच्याचं मन कळतं, असं सरसकट म्हणता येत नाही. पण न बघूनही चालत नाही. राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एका बाईविषयी लिहिलं होतं. मेंदूतला अमिग्डाला हा भाग निकामी झाल्यामुळे तिला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नसे. कारण काय, तर तिची नजर डोळ्यांकडे आपणहून वळतच नव्हती. "डोळ्यांकडे बघा" म्हटलं की बरोबर ओळखायची! मात्र हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागे.

शेजारची सून दुसऱ्या दिवशी आली. माझ्याकडे एकदाच पाहिलं, बोलली काहीच नाही. मग तिची नजर टेबलावरच्या गोळ्यांच्या डबीवर गेली. वारांचे कप्पे असलेली ती डबी. दर रविवारी ती भरायचं काम हिचं.

"सर, कालच्या गोळ्या तशाच आहेत का?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पाणी आणायला आत गेली.