पायाखालचं लाकूड

ऑल्डरच्या ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाड घातली की आतलं लाकूड पांढरं निघतं. थोड्याच वेळात त्यावर केशरी झाक येते आणि बघता बघता ते चक्क तांबडं होतं. लाकडातल्या द्रव्यांना हवा लागते आणि रंग पालटतो, एवढाच हा प्रकार. पण आयर्लंडमधल्या जुन्या लोकांना ते झाडाचं रक्त वाटे आणि ऑल्डर तोडणं ते अशुभ मानत. वाळत गेलं की तांबडेपणा ओसरतो, उरतो फिकट, गुलाबीसर तपकिरी रंग. वखारीत फळी म्हणून भेटणारा ऑल्डर हा असा, कुणाच्या नजरेत न भरणारा. मला तो ओलाच आवडतो.

मी मूळची अमरावतीकडची. आता इंग्लंडात लँकशायरमध्ये राहते आणि क्लॉगचे तळ तासते. क्लॉग म्हणजे वरून चामड्याचा, खालून लाकडाचा बूट. डच लोकांचा अख्खा लाकडी जोडा निराळा. इथल्या क्लॉगचा तळ बहुतेक ऑल्डरचा, आणि झिजू नये म्हणून त्याला खालून लोखंडी नाल ठोकलेली. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापडगिरण्यांतले कामगार, खाणमजूर, शेतकरी, त्यांची पोरंबाळं, सगळे यावरच चालत. स्वस्त, टिकाऊ, दुरुस्त करता येणारं पायताण.

ऑल्डरच का, हे सुरी हातात घेतली की लगेच कळतं. लाकूड हलकं. रेषा एकसारखी, त्यामुळे सुरी कुठे अडत नाही, कुठे एकदम घसरत नाही. ते सहसा उभं चिरत नाही, ओल्या फरशीवर रोज भिजलं तरी तग धरतं आणि फरशीचा गारठा पायापर्यंत चढू देत नाही. ओक याहून कितीतरी मजबूत, पण जड. दिवसभर मागापुढे उभं राहणाऱ्या बाईला तो काय कामाचा?

पूर्वी तळ तासणाऱ्यांच्या टोळ्या वेल्सच्या आणि उत्तर इंग्लंडच्या ओढ्याकाठी जात. ऑल्डरची राई विकत घ्यायची, तिथेच राहुटी ठोकायची, झाडं पाडून पायांच्या मापाचे तुकडे करायचे, ते फोडून ढोबळ तळ तासायचे आणि वाळण्यासाठी त्यांचे हवा खेळती राहील असे उंच ढीग रचायचे. महिनोन्‌महिने वाळले की ते गिरणगावांतल्या कारागिरांकडे रवाना. या टोळ्यांची नावं फारशी कुठे लिहिलेली नाहीत, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कपाट बनवणाऱ्याची सही कधी कधी कपाटावर असते. तळ तासणाऱ्याचं काम काही वर्षांत झिजून चुलीत जाई.

आमची मुख्य हत्यारं तीन, तिन्ही लांब पात्याच्या सुऱ्या. पात्याच्या एका टोकाला आकडा असतो, तो बाकावरच्या लोखंडी कडीत अडकवायचा. दुसऱ्या टोकाला लांब दांडा, तो एका हाताने वरखाली करायचा. सुरी चालते ती अडकित्त्यासारखी, फक्त सुपारीच्या जागी दुसऱ्या हाताने धरलेला ठोकळा असतो. पहिली सुरी बाहेरचा आकार काढते. दुसरी, गोलसर पात्याची, पाऊल टेकतं तिथला खोलगट भाग कोरते: टाचेची वाटी, चवड्याचा उतार. तिसरी सगळ्यात अरुंद. ती तळाच्या कडेने एक खाच काढते. या खाचेत चामडं बसतं आणि खिळ्यांनी पक्कं होतं. खाच एका बाजूला जरा जास्त खोल गेली तर चामडं तिरपं ओढलं जातं आणि बूट पायाला चावतो. चांगला कारागीर मी या खाचेवरून ओळखते.

लाकडाचा तळ वाकत नाही, हे लक्षात ठेवून तो घडवावा लागतो. पुढचा भाग वर उचललेला ठेवायचा, म्हणजे पाऊल टाचेवर टेकून पुढे कलतं आणि चाल सुरू राहते. ही कमान साच्यात मिळत नाही. ती माणसाच्या चालीवरून ठरते, म्हणून मी माप घेण्याआधी गिऱ्हाइकाला खोलीभर चालायला सांगते.

अमरावतीची म्हणून एक गोष्ट मला राहून राहून आठवते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर आल्या. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्याच, नावाने विकला जाई. इथले कामगार आपल्या कापसावर वैतागत: धागा आखूड, कचरा फार, सारखा तुटणारा. त्या तुटक्या धाग्याशी झगडणाऱ्या बायकांच्या पायात ऑल्डरचे तळ होते. पिकवणारे माझ्या गावाकडचे, विणणाऱ्या या गावच्या. दोघांच्याही हाती फारसं काही लागलं नाही.

ऑल्डरचा मुक्काम कायम कशाच्या तरी खालीच. उघड्यावर, पावसा-उन्हात रोवलेला खांब लवकर कुजतो. म्हणून कुंपणवाले त्याला नाकं मुरडतात. पण तोच खांब पूर्ण पाण्याखाली, चिखलात ठोकला तर शतकानुशतकं उभा राहतो. कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते, ती तिथे मिळत नाही. जिवाणू हळूहळू पोखरतात, पण पोकळ झालेल्या पेशींत पाणी भरतं आणि भोवतालचा चिखल खांबाला आवळून धरतो. व्हेनिसच्या इमारतींखाली ओक आणि लार्चबरोबर ऑल्डरचेही खांब आहेत. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने दलदलीतल्या पायासाठी हेच लाकूड सुचवलं आणि रावेना शहराचा दाखला दिला. स्कॉटलंडमधल्या लॉख टे सरोवरात लोहयुगातल्या पाणघरांचे ऑल्डरचे खांब अजून तळाशी आहेत. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालत, त्यामागेही हाच अनुभव.

मुळांशीही तेच: काम नजरेआड. ऑल्डरच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. त्यामुळे हे झाड दरडीच्या उघड्या मातीतही जगतं आणि ती माती कसदार करतं. नागालँडमधल्या खोनोमा गावचे अंगामी शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. झूम, म्हणजे फिरती शेती करताना ते नेपाळी ऑल्डर, म्हणजे कुमाऊँतला उतीस, मुळापासून काढत नाहीत. वरून छाटतात आणि खोड राखतात. फांद्या सरपणाला, पाला शेताला, आणि शेत पडीक टाकलं की त्याच खोडातून पुन्हा रान उभं. सुतारकामाच्या शाळांतून हे शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे. झाड तोडायचं कसं हे कळल्याशिवाय लाकूड तासायचं कसं हे अर्धंच कळतं.

अमेरिकेतल्या तांबड्या ऑल्डरचं नशीब जरा उघडलं. 1956 च्या सुमारास फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बहुतेक धडांसाठी ॲशऐवजी ऑल्डर घेतला. तिथेही तो रंगाच्या थराखालीच.

इथल्या नदीकाठांवर मात्र आता काळजी आहे. 1993 मध्ये दक्षिण ब्रिटनमध्ये ऑल्डरवर फायटॉफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे होणारा एक नवा रोग आढळला. तो पाण्यातून पसरतो. पानं बारीक आणि पिवळट होतात, शेंडा विरळ होतो, बुंध्याशी डांबरी रंगाचे डाग पडतात. लागण झालेलं झाड कधी कधी जमिनीलगत छाटलं तर नव्याने फुटतं. म्हणून मी शेजारच्या शेतकऱ्याच्या ओढ्यावर हिवाळ्यात एकेक झाड छाटून घेते. त्यातलं निरोगी लाकूड मला मिळतं, आणि हत्यारं व बूट दुसऱ्या ओढ्यावर नेण्याआधी धुऊन, वाळवूनच न्यायचे हा नियम मी मोडत नाही.

सध्या बाकावर आहे तो याच शेतकऱ्याच्या जोडीचा डावा तळ. त्याच्या गोठ्यात फरशी कायम ओली, रबरी बुटांत पाय घामेजतात म्हणून त्याला क्लॉगच हवेत. डावं पाऊल उजव्यापेक्षा रुंद आहे आणि तो बाहेरच्या कडेवर भार देतो. तेव्हा वाटी जरा आत सरकवायची, बाहेरची कड जाड ठेवायची आणि वाळल्यावर खाच काढण्याआधी त्याला पुन्हा एकदा बोलावून उभं करायचं.