ऋण सोडताना

येशू ख्रिस्ताच्या उपदेशाविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की क्षमा हा शब्द सहसा प्रथम येतो, आणि तो येताच मन काहीसे निवांत होते. क्षमा ही अंतःकरणाची कोमल अवस्था, थोरांचे भूषण, अशी आपली धारणा असते. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचन मी जसजसे पुनःपुन्हा वाचत गेलो तसतशी ही निवांतता ढळत गेली. त्या प्रवचनाच्या मध्यभागी जी प्रार्थना येते, आणि जगभरचे ख्रिस्तीजन जी आजही म्हणतात, तिच्यातील मागणी शब्दशः पाहिली तर ऋण सोडण्याची आहे. मत्तयाने योजलेला ग्रीक शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. लूकने तीच प्रार्थना देताना पूर्वार्धात पाप हा शब्द घातला; पण उत्तरार्धात ऋणको त्यालाही टाळता आला नाही. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दात पाप आणि कर्ज हे दोन्ही अर्थ नांदत होते. इंग्रजीतील रूढ प्रार्थनेत पुढे ऋणाच्या जागी अपराध आला; मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने मात्र मत्तयाचे ऋण राखले. साहित्याचा अभ्यासक म्हणून मला याचे मोल मोठे वाटते. अपराध या शब्दाने प्रार्थना मनात शिरते. ऋण या शब्दाने ती दप्तरात आणि खतावणीतही शिरते.

हे प्रवचन ऐकणाऱ्या गालीलच्या शेतकऱ्यांना, कोळ्यांना आणि मजुरांना या शब्दाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. प्रवचनात इतरत्रही कर्ज आणि कज्जे डोकावतात. वादीशी वाटेतच समेट करावा, नाहीतर शेवटची दमडी फिटेपर्यंत तुरुंगातून सुटका नाही. अंगरख्यासाठी कोणी फिर्याद केली तर त्याला वरचे वस्त्रही देऊन टाकावे. उसने मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नये. यहुदी धर्मशास्त्राने गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा दिली होती, हे लक्षात घेतले म्हणजे ते ‘वरचे वस्त्र’ केवळ उपमा राहत नाही. थंडीत तेच त्याचे अंथरूण-पांघरूण असे.

दर सातव्या वर्षी कर्जे सोडावीत, असेही त्या शास्त्राचे सांगणे होते. परंतु सातवे वर्ष जवळ आले की धनको हात आखडता घेत. तेव्हा येशूच्या आदल्या पिढीतील हिल्लेल या थोर आचार्याने ‘प्रोझबुल’ नावाचा दस्तऐवज रूढ केला. तो न्यायसभेपुढे केला की कर्ज सातव्या वर्षानंतरही वसूल करता येई. हेतू गरिबाला कर्ज मिळावे असाच होता. पण सूट शास्त्रात आणि वसुली व्यवहारात, अशी वाटणी त्यातून झाली. इ. स. ६६ मध्ये यरुशलेममध्ये बंडाचा उद्रेक झाला तेव्हा बंडखोरांनी दप्तरखाना पेटवून सावकारांची खते जाळली, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. मराठी वाचकाला येथे पुणे जिल्ह्यातील सुपे आठवल्यावाचून राहणार नाही. १२ मे १८७५ रोजी तेथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, दख्खनचे दंगे पसरले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करणे सरकारला भाग पडले. दोन घटनांमध्ये अठराशे वर्षांचे अंतर आहे. कागद मात्र तोच आहे, आणि आगही तीच.

ऋणकोने खते जाळावीत हे समजण्यासारखे आहे. धनकोनेच ती बुडवावीत, ही गोष्ट निराळी. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीतील खतांचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला, असे परंपरा सांगते. त्याच नदीत पुढे गाथाही बुडाली. गाथेचे कागद वर आले, असे सांगतात. खतांचे कागद वर आल्याचे कोणी सांगत नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे म्हणत. त्यांच्या मनात भक्तीचा पूल असणार. मला मात्र त्या पुलाखाली ती बुडालेली खतेही दिसतात.

परंतु येशूचे सांगणे औदार्यापाशी थांबत नाही. क्षमा किती वेळा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले तेव्हा त्याला एक दाखला ऐकायला मिळाला. एका सेवकाचे राजाला दहा हजार टॅलंट देणे होते. राजाने ते सोडले. बाहेर पडताच त्याच सेवकाने शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी; टॅलंटचे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे पहिले देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, दुसरे शंभर दिवसांच्या. पहिले कर्ज हजारो जन्मांतही फिटणारे नव्हे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण यांची कल्पना आहे. ती ऋणे फेडायची असतात आणि ती फेडण्यात आयुष्याला अर्थ येतो. येथे ते दारच बंद आहे. जे फिटूच शकत नाही ते सोडले गेले आहे, आणि ज्याला ते सोडले गेले त्याच्या हातात दुसऱ्याचे एक खत आहे. त्याचे तो काय करतो, एवढाच प्रश्न उरतो. शंभर दिवसांची मजुरी ही काही क्षुल्लक रक्कम नाही, हेही दाखला लपवीत नाही. सोडायचे ते खरोखरीचे येणे असते.

मी ख्रिस्ती नाही. हे मी वाचकाच्याच अधिकाराने लिहितो आहे. पण वाचकालाही हा दाखला मोकळे सोडीत नाही. तरुणपणी मी जमवलेली हस्तलिखितांवरची टिपणे एका ज्येष्ठ अभ्यासकाने आपल्या ग्रंथात नामनिर्देशाविना वापरली. त्यांनी कधी खेद व्यक्त केला नाही. पुढे ते वारले. ऋणकोच उरला नाही तर खत कोणाला परत करायचे, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे पडत असे. एकदा ती प्रार्थना वाचताना ध्यानात आले की दाखल्यातले दोन्ही ऋणको गयावया करतात, पण प्रार्थनेतला ऋणको काहीच बोलत नाही. त्याने मागावे, पश्चात्ताप करावा, हयात असावे, अशी एकही अट तेथे नाही. त्या टिपणांचे श्रेय कोणाचे, हे मी आजही विचारले तर सांगतो, कारण ते सत्य आहे. वसुलीचा विचार मात्र सुटला आहे. खत सोडणे म्हणजे व्यवहार झालाच नव्हता असे म्हणणे नव्हे.

श्रद्धावंताची स्थिती याहून अवघड आहे. दिदाखे या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा करण्यास सांगितले आहे. ती म्हणणारा आपल्याला मिळणाऱ्या सुटीला स्वतःच एक माप लावून देतो: आम्ही जसे सोडतो, तसे. त्या लहानशा ‘जसे’मध्ये सारा उपदेश सामावला आहे. ज्याने पेटी कुलूपबंद ठेवली आहे, तो ही प्रार्थना म्हणताना स्वतःविरुद्धच साक्ष देतो. प्रार्थनेत साधारणतः माणूस मागतो. येथे मागता मागता त्याला द्यावे लागते, आणि तेही सकाळ, दुपार, संध्याकाळ. बहुधा म्हणूनच ती पाठ असूनही शिळी झालेली नाही. रोज कोणाचे ना कोणाचे तरी एखादे खत हातात शिल्लक असतेच.