बंडी आणि ट्रॉली

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तेथील मार्कंडेश्वराच्या प्राचीन देवालयापाशी महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. पूर्वी यात्रेकरू बंडीने येत; आता ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत अवघे घरदार बसून येते. ‘ट्रॉली’ हा शब्द परका खरा. परंतु दोन चाकांची ट्रॉली पाहिली, की तिचे बंडीशी असलेले नाते ओळखू येते. बंडीचा काही भार जुवावाटे बैलांच्या मानेवर पडे, हिचा ट्रॅक्टरवर पडतो, इतकेच!

चाके मात्र अगदी निराळी. बंडीच्या चाकात मध्यभागी तुंबा, त्यातून निघालेले आरे, त्यांवर लाकडी पाटे आणि या सर्वांना कवटाळणारी लोखंडी धाव. ही धाव चाकाहून किंचित लहानच घडवीत. लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत लाल करी. तापून ती प्रसरण पावली, की चाकावर चढवून वर पाणी ओती. चर्र असा आवाज होई, धाव आकसे आणि सारे सांधे घट्ट आवळून धरी.

पण ही अरुंद धाव नदीच्या वाळूत रुते आणि बैलांच्या तोंडाला फेस येई. रबरी चाक रुंद. त्यामुळे भार पसरतो व ते सहसा रुतत नाही. मुक्या जनावरांचे हाल वाचले, हे थोडे नव्हे. तथापि बंडीचा आरा मोडला, तर गावचा सुतार नवा बसवून देई. ट्रॉलीचे चाक रानवाटेत फुटले, की मंडळी मोहाची सावली शोधतात आणि एखादा तरुण ते मोटारसायकलवर बांधून चामोर्शीची वाट धरतो.