लांबीखालचा पत्रा

मराठीत 'लांबी' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक मोजमापाची लांबी आणि दुसरी रंगाऱ्याची. भिंतीतला किंवा गाडीच्या पत्र्यावरचा खड्डा भरून निघावा म्हणून रंगाआधी जे लुकण फासतात, ती ही दुसरी. चांगल्या पेंटरच्या हातात ती कागदासारखी पातळ बसते. कामचुकाराच्या हातात पडली की गंजून चाळणी झालेला पत्राही नवरीसारखा दिसू लागतो. अब्बांच्या फियाटमुळे मला गेली काही वर्षं या दुसऱ्या लांबीचा बराच अभ्यास करावा लागला.

फियाट म्हटलं की बहुतेकांना मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आठवते. ती पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण पद्मिनी हे नाव १९७४ सालचं. त्याआधी तीच गाडी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून फियाट ११०० म्हणून बाहेर पडायची. पन्नाशीच्या दशकातल्या गोल अंगाच्या मॉडेलला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत. हे कुणीतरी दादीच्या कानावर घातलं तेव्हा तिने गाडीला हात लावायचं सोडलं होतं. अब्बांनी तिला समजावलं, "अम्मा, वो पुरानी वाली. अपनी डिलाइट है." आमची खरोखरच १९६६ची डिलाइट. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर हँडगिअर, आणि पुढे सलग बाकासारखी सीट, ज्यावर आम्ही तिघं भावंडं अब्बांच्या शेजारी दाटीवाटीने बसायचो.

अब्बांची मिरजेत पिठाची गिरणी होती. १९७९ साली त्यांनी ही गाडी जुन्यात घेतली. त्यासाठी अम्मीच्या दोन बांगड्या गेल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं घरातलं कुठलंही भांडण त्या बांगड्यांवर येऊन थांबायचं. पण त्याच गाडीतून माझ्या बहिणीची पाठवणी झाली, त्याच गाडीतून अम्मीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं. अम्मी गेल्यावर अब्बांनी गाडी चालवणं सोडलं. २००९पासून ती परसात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. दर रविवारी अब्बा तिच्यावरची धूळ झटकत.

२०२१मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट एवढीच, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. मी हे अब्बांना वाचून दाखवलं. त्या वेळी ते ऐंशी पार केलेले होते, नजर मंदावलेली. म्हणाले, "यानी अपनी खटारी अब खानदानी हो गई?" आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. त्या हसण्यासाठी मी गाडी दुरुस्तीला द्यायचं ठरवलं.

जुन्या गाड्यांचंच काम करणारं एक वर्कशॉप मोठ्या शहरात होतं. मालक आपल्यातलेच. सलाम-दुआ झाली, चहा झाला. "भाईसाब, आपकी गाडी मेरी गाडी." मी तरीही सगळं लेखी घेतलं. कामांची यादी, चार लाख वीस हजारांचा अंदाज, सहा महिन्यांची मुदत, आणि एक कलम ठळक अक्षरांत: मूळ इंजिन तेच ठेवायचं, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. गाडीचे फोटो काढले, इंजिन आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतली. मालकांनी हसत सही केली. "मास्तर लोग हो, लिखा-पढी तो करोगेच."

सहा महिन्यांचे एकोणीस झाले. या काळात फोनवर ऐकलेली कारणं लिहून ठेवली असती तर एक छोटी कादंबरी झाली असती. क्रोमवाला गावाला गेलाय, पेंटरच्या घरी लग्न आहे, पाऊस आहे, रमजान आहे, ईदनंतर बघू. दर खेपेला थोडे पैसे मात्र जात राहिले. साडेतीन लाख गेल्यावर एका संध्याकाळी टेम्पोतून गाडी दारात उतरली. दुधी रंग आरशासारखा चमकत होता. गल्लीतली पोरं जमली. अब्बांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी बोनेटवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "चालू कर."

मी चावी फिरवली. अब्बा कान देऊन उभे राहिले. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस. शेजारच्या गल्लीतलं ऑइल इंजिन कुठल्या दुखण्याने खोकतंय, हे ते घरात बसून सांगायचे. अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला. "बंद कर. ये अपना इंजिन नहीं."

मला वाटलं, वयाचा परिणाम. टॉर्च घेऊन ब्लॉकवरचा नंबर वाचला. आरसी बुकातला नंबर वेगळा होता.

मालकांना फोन केला. आधी म्हणाले, "असं होणार नाही." मग म्हणाले, जुना ब्लॉक क्रॅक निघाला, म्हणून पद्मिनीचं इंजिन बसवलं, कंपनी एकच, काय फरक पडतो? मी विचारलं, क्रॅक झालेला ब्लॉक कुठे आहे? "भंगार में गया, भाईसाब. लोहे का टुकडा रखके क्या करते?" विचारलं का नाही, यावर उत्तर नव्हतं.

फरक किती पडतो ते आरटीओत कळतं. आरसीवर इंजिनाचा नंबर असतो. इंजिन बदललं तर ते कळवून, बदललेल्या इंजिनाची कागदपत्रं दाखवून नोंद करून घ्यावी लागते. या इंजिनाला ना बिल, ना मागच्या मालकाचा पत्ता. चोरीच्या गाडीचं असलं तर? आणि व्हिंटेजची अट तर सरळच मोडली होती. साठ वर्षांच्या आतबाहेरची गाडी, तिची ओळख सांगणारा एक आकडा, आणि तोच कुणीतरी किलोच्या भावाने विकून टाकलेला.

मग आमच्या गल्लीतले डेंटर मेस्त्री आले. वय सत्तरीचं, तोंडात पान. त्यांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. लोखंडाचा पत्रा असला की चुंबक चिकटतं, मध्ये लांबीचा जाड थर असला की घसरतं. छपरावर चिकटलं. पुढच्या मडगार्डवर अर्धवट. दरवाजांच्या खाली, दोन्ही बाजूंना, टपकन खाली पडलं. मेस्त्रींनी पान थुंकलं आणि पेचकसाच्या टोकाने खरवडलं. रंगाखाली बोटभर लांबी निघाली, तिच्याखाली गंजाचा भुगा. एके ठिकाणी तर भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वर लांबी फासलेली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ट्रकला किंवा जीपला खाली वेगळी चेसिस असते, वरचा साचा गंजला तरी गाडी उभी राहते. या फियाटला तशी चेसिस नाही. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. दरवाजाखालची पट्टी गंजली म्हणजे हाड गंजलं. ते कापून, नवा पत्रा वळवून, वेल्डिंग करूनच बसवावं लागतं. त्यावर लांबी फासणं म्हणजे मोडलेल्या पायावर नवा पायजमा चढवणं. मेस्त्री म्हणाले, "सर, जॅक लावला असता तर गाडी मधूनच वाकली असती. कुणी बसलेलं असताना झालं असतं तर?"

माझा राग तिथे बदलला. तोवर तो पैशांचा आणि अब्बांच्या मन मोडण्याचा होता. त्या सीटवर माझी नातवंडं बसणार होती.

मी पैसे आणि मूळ भाग परत मागितले. मालक उलट उरलेले सत्तर हजार मागू लागले. आणि गंमत म्हणजे याच सुमाराला आमच्याकडची माणसं समजूत घालायला येऊ लागली. "आपल्याच माणसावर केस करणार? लोक हसतील." एकाने सुचवलं, चार बुजुर्गांना बसवून मिटवून टाका. मी म्हटलं, जरूर बसवा. दोनदा बैठक ठरली, दोन्ही वेळा मालक आले नाहीत. आपला माणूस म्हणून काम देताना मला सवलत मिळाली नव्हती. मग फसवणूक झाल्यावर सवलत फक्त त्यांनाच का? आपलेपणाची ही लांबी आपल्या समाजात फार वापरली जाते. आतला गंज तिच्याखाली वाढत राहतो. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर हीच माणसं मला 'सोडू नका' म्हणाली असती. अब्बांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "हक़ माँगने में शरम कैसी? शरम तो देनेवाले को आनी चाहिए."

वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून सांगतो. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०पासून लागू आहे. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दुकानदाराच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील हवाच असं नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मी आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. मग करार, पावत्या, आधीचे आणि नंतरचे फोटो, पेन्सिल प्रिंट आणि मेस्त्रींनी मोडक्या अक्षरांत लिहून दिलेला अहवाल जोडून तक्रार दाखल केली. त्या मोडक्या अक्षरांचं वजन पुढे माझ्या दहा पानांच्या निवेदनापेक्षा जास्त ठरलं.

प्रकरण मध्यस्थीत गेलं. समोरासमोर बसल्यावर मालकांचा आवाज उतरला. म्हणाले, कारागीर टिकत नाहीत, आखातात जातात, जागेचं भाडं वाढलंय, एका गाडीचे पैसे दुसऱ्या गाडीत घालावे लागतात. मला ते खोटं वाटलं नाही. वाईट वाटलं. पण अडचण सांगणं आणि भोकात कागद कोंबणं यांत फरक आहे. अडचण सांगितली असती तर मी थांबलो असतो. शेवटी त्यांनी एक लाख साठ हजार चार हप्त्यांत परत द्यायचं, मूळ जाळी आणि डॅशबोर्डचं मीटर परत करायचं आणि बसवलेल्या इंजिनाचे कागद मिळवून द्यायचं कबूल केलं. हे सगळं मिळालं. हप्ते उशिरा आले, पण आले. ब्लॉक मात्र आला नाही. तो कुठल्या तरी भट्टीत कधीच वितळला असणार.

मिरज हे तंबोरा-सतारीचं गाव. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही कला उचलली आणि गावाचं नाव देशभर केलं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लहानपणी गिरणीवरून येताना मी त्या दुकानांसमोर रेंगाळत असे. एकदा एका गवयाचा जुना तंबोरा दुरुस्तीला आलेला पाहिला. भोपळा तडकला होता. बुजुर्ग कारागिराने तो बराच वेळ टिचकी मारून ऐकला आणि म्हणाला, जोडून देतो, पण जोड दिसेल. गवई म्हणाला, दिसू दे. तंबोरा परत करताना कारागिराने काढलेली घोडी आणि तुटक्या खुंट्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून दिल्या. "आपकी अमानत." त्या खुंट्यांचा कुणाला काय उपयोग होता? पण त्या त्याच्या नव्हत्या, एवढं त्याला पुरेसं होतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात आपण वस्तू देतो, मालकी देत नाही. हे त्या अशिक्षित कारागिराला कुठल्या करारावाचून ठाऊक होतं.

मेस्त्रींनी आमच्या परसातच काम केलं. सगळी लांबी खरवडून काढली, पट्ट्या कापल्या, नवा पत्रा वळवून बसवला. प्रत्येक वेल्डिंग आधी मला दाखवलं, मगच वर रंग. आरशासारखी चमक आता नाही. उजव्या दरवाजाखाली जोड दिसतो, तो मी झाकू दिला नाही. आरसीवर नव्या इंजिनाची नोंद झाली. 'व्हीए'चा क्रमांक मात्र आमच्या नशिबी नाही.

एक शेजारी म्हणाले, "बरंच झालं की. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, फक्त प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. आता अब्बांना बाजारात तरी नेता येतं." नियमाचं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण शोभेला ठेवायची की बाजारात न्यायची, हे अब्बांनी ठरवायचं होतं. ते त्यांच्या वतीने एका परक्याने परस्पर ठरवून टाकलं.

अब्बा आता नव्या इंजिनाला सरावलेत. परवा मार्केटमधून परतताना बराच वेळ कान देऊन बसले होते. मग म्हणाले, "टॅपेट ढीला है, मेस्त्री को बोल." मी मेस्त्रींना निरोप दिला. ते दुसऱ्या दिवशी आले, बोनेट उघडलं, आणि म्हणाले, "बुढ्ढा सही बोलता है."