कुंपणाची मेंदी

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकातून आत आले की दोन्ही बाजूंना मेंदीचे कुंपण लागते. कमरेइतके उंच, दोरी लावून आखल्यासारखे सरळ. दोन वर्षे मी त्याच्या कडेने येते-जाते आहे. पण कधी निरखून पाहिले असेल तर शपथ! मेंदी म्हणजे कुंपण, आणि श्रावणात हातावर लावायची ती, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

गेल्या पावसाळ्यात गावी गेले होते. विहिरीमागे माझ्या डोक्यावर गेलेले एक झुडूप बारीक पांढुरक्या फुलांच्या घोसांनी भरले होते. वास इतका गोड की मी थबकलेच. घोस ओढायला हात घातला, तर काटा बोचला. माहेरपणाला आलेल्या अक्काला विचारले, "हे गं कसलं झाड?"

ती खळखळून हसली. "आगं, मेंदी हाय ती! माझ्या लग्नात हिचाच पाला लावला हुतास की हाताला. कालिजात शिकवत्यात तरी काय?"

परतल्यावर ग्रंथालयातून वनस्पतींवरचे एक जुने पुस्तक काढले. मेंदीचे शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. 'इनर्मिस' म्हणजे बिनकाट्याची. कोवळ्या झाडाला काटे नसतात; जुन्या झाडाच्या डहाळ्यांची टोके मात्र काटेरी होतात. १७५३ साली लिनिअसने हे नाव दिले, तेव्हा काटेरी मेंदी ही निराळी जात समजून तिला त्याने निराळे नाव दिले होते. पुढे दोन्ही एकच ठरल्या. एवढ्या मोठ्या पंडिताचीही ओळख चुकली, हे वाचून मला जरा धीर आला. आपल्या राज्याचे फूल ताम्हण. मेंदी त्याच्याच कुळातली.

मग आमच्या कुंपणाला फूल का नाही? माळीकाकांना विचारले. ते म्हणाले, "फूल शेंड्याला येतं, ताई. शेंडा आपण ठेवतो कुठं?"

अक्का नववीपर्यंत शिकली. माझ्याकडून पाढे तीच घोकून घेई. आई मजुरीला गेली की धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवे होते, म्हणून तिची शाळा सुटली. मी लहान, म्हणून माझी राहिली. घरात कुणाच्याच मनात वाईट नव्हते. कुंपण नीट दिसावे म्हणून कात्री चालवणाऱ्या माळीकाकांच्या मनात तरी कुठे असते? अक्काच्या लग्नात तिची मेंदी किती रंगली होती, हे गावातल्या बायका अजून सांगतात. गणितात तिचा वर्गात पहिला नंबर होता, हे कुणी सांगत नाही. मीही आजवर कुणाला सांगितले नव्हते.

माळीकाकांना गळ घालून कुंपणातले ग्रंथालयाजवळचे एक झुडूप मी न कापता ठेवायला लावले आहे. ते इतरांच्या वर हातभर गेले आहे. फुले अजून आलेली नाहीत. आली की अक्काला आणून दाखवायची आहेत. तिने माझे कॉलेज अजून पाहिलेले नाही.

त्या झुडपाकडे प्राचार्यांचे लक्ष गेलेले नाही. हा लेख छापून आल्यावर ते जाईलच. तेव्हा सरांना नम्र विनंती, एवढा एक पावसाळा जाऊ द्यावा.